काहिलीच्या काठाने: ला पाल्मा बेटावरची भटकंती

आमच्या घरात 'कॅल्डेरा' हा शब्द लग्नापासून नांदतो आहे. नवरा कराडजवळच्या शाळेत भूगोल शिकवायचा. घरात आणि गावात सगळे त्याला 'सर' म्हणतात, मीसुद्धा. दरवर्षी ज्वालामुखीचा धडा आला की सर घरी मोठ्याने तयारी करत, त्यामुळे व्याख्या मलाही पाठ: पोटातला शिलारस बाहेर पडून गेला, आत पोकळी झाली, माथ्याला आधार उरला नाही आणि तो खचून प्रचंड खड्डा झाला, तो कॅल्डेरा. हा शब्द जिथून भूगोलाच्या पुस्तकात शिरला ते ठिकाण बघायचं, हे सरांच्या डोक्यात निवृत्तीपासून होतं. माझी भाची सई माद्रिदला नोकरी करते. तिने एका रात्री फोन करून सांगितलं, "मावशी, मेच्या पहिल्या आठवड्यात मला सलग सुट्टी जमतेय. काकांना म्हणावं, पिशव्या भरा."

ते ठिकाण म्हणजे ला पाल्मा, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. ही बेटं अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर आहेत. शेंगेन व्हिसा तिथे चालतो, वेगळं काही काढावं लागत नाही. माद्रिदहून विमानाने साधारण तीन तास. घड्याळ माद्रिदपेक्षा एक तास मागे न्यायचं.

शुक्रवार: सांता क्रूझ दे ला पाल्मा

विमान उतरताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ढगात घुसलेला डोंगर, मध्ये धावपट्टी. बेट जेमतेम ७०८ चौरस किलोमीटरचं, पण त्याचा सर्वांत उंच माथा २,४२६ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंची, तीसुद्धा समुद्रापासून हाताच्या अंतरावर. गाडी भाड्याने घ्यायची तर चढ आणि वळणांची सवय असलेला चालक हवा. आमच्याकडे सई होती. बसनेही बरंच फिरता येतं. इथे बसला 'ग्वाग्वा' म्हणतात. सरांनी तो शब्द दिवसभर उगाच पुन्हापुन्हा उच्चारला.

सांता क्रूझमध्ये समुद्रासमोर लाकडी सज्ज्यांच्या जुन्या घरांची रांग आहे. पर्यटक फोटो काढतात ते तिथलेच. पण आम्ही २ मेच्या संध्याकाळी पोचलो होतो आणि गावाचं लक्ष पर्यटकांकडे नव्हतंच. दुसऱ्या दिवशी क्रूसाचा सण. ३ मे १४९३ हा या गावाचा स्थापनादिन मानतात, नावही त्यावरूनच पडलं: सांता क्रूझ, पवित्र क्रूस. आदल्या रात्री चौकाचौकांतले, घाटीच्या वळणावरचे, घरांच्या दारातले क्रूस सजवतात. फुलं आणि पानं तर असतातच, पण रेशमी कापड, मण्यांची नक्षी आणि चक्क घरातले दागिनेही. म्हणून लोक रात्रभर जागून राखण करतात. राखणीला कॉफी, वाइन, बदामाचे गोड पदार्थ आणि भरपूर गप्पा.

क्रूसांशेजारी कापडाची माणसाएवढी बाहुली बसवतात, त्यांना 'मायोस' म्हणतात. बाकावर बसलेल्या एका आजोबांना मी 'ओला' म्हणाले. ते बाहुलं निघालं. शेजारच्या बाकावरच्या खऱ्या आजी एवढ्या हसल्या, की त्यांनी आम्हाला बदामाच्या बिस्किटांची बशीच पुढे केली.

शनिवार: बोगद्यापलीकडे

सकाळी पूर्व किनाऱ्यावर भुरभुर पाऊस आणि धुकं. बेटाच्या कण्यातून बोगदा जातो. त्यात शिरताना वायपर चालू होते, बाहेर पडलो तर डोळे दिपवणारं ऊन. सईला हे माहीत होतं, तिने आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दमट हवा पूर्वेच्या उतारावर चढवतात, तिथे ढग होतात. पश्चिमेला उतरताना हवा कोरडी पडते. कुंब्रे नुएवा या डोंगररांगेच्या काठावरून ढग पलीकडून ओसंडतात आणि खाली येता येता विरून जातात. आम्ही गाडी बाजूला लावून अर्धा तास ते बघत राहिलो.

एल पासो गावात एका घराचा मागचा भाग भाड्याने घेतला होता. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला भुकेल्या. दुपारी त्यांनी 'काल्दो' पाठवलं: बटाटा, कोथिंबीर आणि वरून सोडलेलं अंडं असं साधं पातळ सूप. माझं माहेर मडगावचं. शेजारच्या घरून रविवारी नारळाच्या दुधातलं पिवळं माशाचं काल्दीन यायचं. पोर्तुगीज 'काल्दो'चं लाडकं रूप 'काल्दिन्यो', त्याचंच हे काल्दीन. सईकडून हे बाईंना कळवलं, तर त्यांना नवल वाटलंच नाही. ला पाल्मावर वसाहतीच्या सुरुवातीला पोर्तुगीज बरेच आले होते, इथल्या बोलीत त्यांचे शब्द अजून आहेत. "समुद्राकाठची माणसं, एकच सूप," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि आणखी वाढायला लागल्या.

मग सरांनी विषय काढला. 'काल्दो'चं मूळ लॅटिन 'काल्दुस', म्हणजे गरम. त्याच मुळातून 'काल्दारिया', म्हणजे पाणी तापवायचं भांडं. त्याचं स्पॅनिश रूप 'काल्देरा'. पुढच्या मजकुरात मी डोंगराला काल्देरा म्हणणार आहे, तिथली माणसं म्हणतात तसं. पुस्तकातल्या संज्ञेला कॅल्डेरा, सर म्हणतात तसं. हा फरक मुद्दाम ठेवलाय, का ते उद्या कळेल.

शाकाहारी लोकांसाठी: 'पापास अर्रुगादास' म्हणजे खारट पाण्यात सालासकट उकडून सुरकुतवलेले छोटे बटाटे, सोबत लाल किंवा हिरवी 'मोहो' चटणी. लाल मोहोत सुकी मिरची आणि लसूण, आपल्याला परकी वाटतच नाही. भाजलेलं शेळीचं चीज, तेही मोहो घालून. 'पोताहे' नावाचं दाट कडधान्याचं सूप मागवताना मात्र विचारून घ्या, बहुतेक वेळा त्यात मांस असतं. भाजलेल्या धान्याचं पीठ, 'गोफियो', दुधात, सूपमध्ये, मधात, कशातही खातात. सरांनी ते गूळ नाही म्हणून मधाबरोबर खाल्लं आणि परतीपर्यंत रोज खाल्लं.

रविवार: आर्ग्वाल, मग ला कुंब्रेसिता

सकाळी लोस यानोसजवळच्या आर्ग्वालला गेलो. मोठ्या चौकाभोवती जमीनदारांचे जुने वाडे आणि चौकात रविवारचा जुन्या वस्तूंचा बाजार: पितळी दिवे, कुलपं, फुटके रेडिओ. मी तिकडे रमले, सर वाड्यांकडे. हे वाडे साखरेच्या पैशावर उभे राहिले. सोळाव्या शतकात आर्ग्वाल आणि खालच्या तासाकोर्तेत उसाची मोठी लागवड होती. जमीन फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून, आलेल्या फ्लेमिश व्यापारी घराण्यांकडे होती आणि साखर जहाजाने तिकडेच जायची. राबायला गुलाम आणले जात, हेही सांगायला हवं. वाड्यांच्या देखणेपणात ते विसरायला होतं.

उसाला पाणी कुठून? वरच्या डोंगराच्या पोटातून, जिथे आम्ही निघालो होतो. पाटांनी खाली आणलेलं ते पाणी आज केळीच्या बागांना जातं.

स्पॅनिश साखर कारखान्यात रस उकळायच्या खोलीला 'कासा दे काल्देरास' म्हणत. तांब्याची मोठी भांडी, खाली जाळ. हे वाचलं आणि सर एकदम गुऱ्हाळावर गेले. काहील! कराडकडे गुऱ्हाळात रस उकळायची ती रुंद, उथळ कढई, तिच्या काठाशी उभं राहून सर लहानपणी काकवी मागत. काल्देऱ्याला मराठीत काय म्हणावं हे इतकी वर्षं सापडत नव्हतं, ते फ्लेमिश सावकाराच्या वाड्यासमोर सापडलं. डोंगराचं नाव साखरेच्या भांड्यांवरून पडलं असा याचा अर्थ नाही. काल्देरा ही रोजच्या वापरातली चीज होती आणि खोलगट डोंगराला भांड्याचं नाव देणं लोकांना सुचतंच. पण या गावात दोन्ही काहिली एका वाटेवर आहेत, एकीतलं पाणी दुसरीपर्यंत जायचं.

दुपारी ला कुंब्रेसिता. इथे गाड्यांना जागा अगदी थोडी आहे, त्यामुळे वेळ आधीच ऑनलाइन राखून ठेवावी लागते. एल पासोहून वर जाताना लागणाऱ्या अभ्यागत केंद्रात आधी थांबा, डोंगर कळायला मदत होते.

गाडीतून उतरून पन्नास पावलं गेलो आणि पुढे जमीन संपली. समोर काल्देरा दे ताबुरियेंते. नऊ-दहा किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारे दोन हजार मीटर खोल. कडे उभे, तांबडे, करडे, जांभळे. खाली पाईनचं जंगल आणि मध्ये सुळके. खालून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. १९५४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा खचलेला नाही."

सई म्हणाली, "काका, मघाशी तुम्ही वाचत होतात ना, तेच."

अभ्यागत केंद्रातल्या फलकावरच ते होतं. १८१५ मध्ये लिओपोल्ड फॉन बुख हा जर्मन भूशास्त्रज्ञ ख्रिस्तेन स्मिथ या नॉर्वेजियन वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर कॅनरी बेटांवर आला. त्याने तेनेरिफे बेटावरचा लास कान्यादास आणि ला पाल्मावरचा हा ताबुरियेंते पाहिला. इथले लोक ज्याला काल्देरा म्हणत, तो शब्द त्याने आपल्या लिखाणात घेतला आणि तिथून तो भूशास्त्रात गेला. त्याचा सिद्धांत वेगळाच होता: आधी आडवे असलेले थर खालून रेटा बसून बुडबुड्यासारखे वर उचलले गेले आणि मध्ये फाटले. तो सिद्धांत पुढे टिकला नाही, शब्द टिकला.

शब्दाचा अर्थ मात्र हळूहळू बदलत गेला. आज भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणजे सरांच्या वहीतला, खचलेला. आणि ताबुरियेंतेचा हा खड्डा मुळात तसा झालेलाच नाही. इथला मोठा ज्वालामुखी उंच वाढत गेला, त्याच्या पश्चिमेच्या बाजूचा प्रचंड भाग सुमारे साडेपाच लाख वर्षांपूर्वी घसरून समुद्रात गेला आणि उरलेली पोकळी ओढ्यांनी कोरून कोरून मोठी केली. म्हणजे ज्या खड्ड्याने नाव दिलं, तोच आता त्या नावाच्या व्याख्येत बसत नाही.

"पोरांना मी जे शिकवलं, ते या बाबाला सोडून सगळ्यांना लागू," सर म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, उलट मजा वाटत होती. मला विचाराल तर चूक शास्त्राची. दुसऱ्याच्या घरातून भांडं उसनं नेलं आणि मग म्हणाले, तुमचं भांडं आमच्या मापाचं नाही. एल पासोच्या माणसाला विचारा, काल्देरा म्हणजे हाच. बाकीचे जगातले कॅल्डेरे त्याच्या हिशेबी नंतरचे.

सोमवार: लोस ब्रेसितोसहून खाली

हा पायी उतरायचा दिवस. खालच्या वाहनतळावर गाडी ठेवायची, तिथून चार-पाच जण मिळून टॅक्सीने लोस ब्रेसितोसपर्यंत वर जायचं आणि काल्देऱ्याच्या आतून चालत खाली यायचं. सुमारे १३ किलोमीटर, आम्हाला थांबत-खात दिवस लागला. सकाळी लवकर पोचा. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या, कारण चढ थोडा आणि उतार फार. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा इशारा असेल तर जाऊ नका. शेवटचा टप्पा घळीच्या पात्रातूनच आहे आणि पाणी अचानक येतं.

टॅक्सीवाले गृहस्थ साठीचे. एका हाताने कड्यावरची वळणं घेत आणि दुसऱ्याने खिडकीबाहेर दाखवत ते सांगत होते. हा भाग जुन्या लोकांचा, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीपासून इथे राहणाऱ्यांचा, 'आसेरो', बळकट जागा. त्यांच्या भाषेत बेटाचं नाव बेनाओआरे. स्पॅनिश आले तेव्हा इथे तानाउसू नावाचा राजा होता. आलोन्सो फेर्नांदेस दे लुगो या स्पॅनिश सरदाराच्या सैन्याला या कड्यांतून आत घुसता येईना. १४९३ मध्ये तहाच्या बोलणीसाठी तानाउसूला बाहेर बोलावलं आणि दगा करून पकडलं. जहाजावर त्याने अन्न सोडलं. 'व्हाकाग्वारे', मला मरायचं आहे, एवढाच शब्द तो बोलत राहिला, असं जुने बखरकार लिहितात. टॅक्सीवाल्यांनी तो शब्द उच्चारला आणि पुढचं वळण येईपर्यंत कुणी बोललं नाही.

वाट कॅनरी पाईनच्या सावलीतून जाते. याच्या सुया लांब आणि तीन-तीनच्या जुडग्यात. खोडं जळून काळी झालेली, पण त्याच काळ्या खोडातून हिरवे कोंब फुटलेले. वणव्यानंतर पुन्हा पालवणारी ही जात आहे. ढगातलं पाणी या सुयांवर धरतं आणि थेंब थेंब खाली गळतं, बेटाच्या पाण्यात त्याचा मोठा वाटा. वाळलेल्या सुयांचा जाड थर वाटेवर असतो, त्यावरून पाय सटकतात.

दुपारी 'प्लाया दे ताबुरियेंते'. प्लाया म्हणजे किनारा, पण इथे समुद्र कुठेच नाही. ओढ्याचं रुंद, गोट्यांचं पात्र आहे. हाच शब्द अमेरिकेच्या वाळवंटात कोरड्या तळ्याच्या तळाला वापरतात. स्पॅनिश लोक जिथे गेले तिथे जमिनीला शब्द चिकटवून पुढे गेले. मेसा, सिएर्रा, कॅन्यन आणि आज ज्यातून उतरायचं तो बार्रांको, सगळे त्याच पिशवीतले. थंड पाण्यात पाय सोडून आम्ही घरून बांधून आणलेले ठेपले खाल्ले. शेजारी दोन जर्मन मुली बसल्या होत्या, त्यांना एकेक दिला. त्यांनी बदल्यात चॉकलेट दिलं. इथे तंबूत राहता येतं, परवानगी आधी काढावी लागते.

पुढे इदाफेचा सुळका दिसतो. जुने लोक याला पूजत. तो पडेल, ही त्यांना कायमची धास्ती. म्हणून मारलेल्या जनावराचं काळीज-आतडं घेऊन दोघं जण येत. एक गात म्हणायचा, इदाफे पडणार. दुसरा उत्तर द्यायचा, आणलंस ते दे म्हणजे पडणार नाही. सुळका अजून उभा आहे.

मग गुडघ्यांची परीक्षा घेणारा मोठा उतार आणि दोस आग्वास, दोन ओढ्यांचा संगम. एकाचं पाणी नितळ, दुसऱ्याचं गंजलेल्या रंगाचं. त्यातल्या लोहामुळे जवळच्या रंगीत धबधब्याची भिंत केशरी, पिवळी, हिरवी झाली आहे. ती भिंत मानवनिर्मित आहे हे कळल्यावर काही जण हिरमुसतात. रंग खरे आहेत, मला चाललं.

बार्रांको दे लास आंगुस्तियास, क्लेशांची घळ. इथे सरांना त्यांचं घबाड मिळालं: कड्यात एकावर एक रचलेल्या उशांसारखे गोल दगड. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की असा घट्ट होतो. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी हे सगळं समुद्राच्या तळाशी होतं, नंतर उचललं गेलं आणि ओढ्याने उघडं केलं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर जन्म गेलेल्या माणसाला ते दगड एवढे आवडले, की शेवटी सईने दंडाला धरून पुढे काढलं.

घरी आलो तर दारावर चिठ्ठी: 'ला काल्देरा नो फुन्सियोना'. काल्देरा चालत नाही. सई पायरीवर बसून हसली. स्पॅनिशमध्ये घरातल्या बॉयलरलाही काल्देराच म्हणतात. १३ किलोमीटर तुडवून आल्यावर गार पाण्याने अंघोळ झाली.

मंगळवार: काठावरून

रोके दे लोस मुचाचोस, बेटाचा माथा, काल्देऱ्याच्या उत्तर काठावर. रस्ता वळणांचा; ज्यांना गाडी लागते त्यांनी आल्याचा तुकडा तोंडात ठेवावा. खाली २५ अंश असलं तरी वर जॅकेट लागतं, आम्हाला मफलरही लागला.

ढगांचा थर पायाखाली पडून राहतो आणि वर स्वच्छ आकाश, म्हणून इथे दुर्बिणी आहेत. १०.४ मीटर आरशाची ग्रान तेलेस्कोपियो कानारियास, ४.२ मीटरची विल्यम हर्शेल आणि गॅमा किरणांसाठी मॅजिकच्या उघड्या, आरशांच्या थाळ्या. बेटावरच्या दिव्यांवर १९८८ च्या कायद्याने निर्बंध आहेत. म्हणून रात्री गावातले रस्तेही मंद, पिवळे. दुर्बिणी आतून पाहायच्या तर आधी नाव नोंदवा.

काठावर एके ठिकाणी पातळ, सरळ दगडी भिंत उभी आहे, मध्ये दारासारखी फट. 'पारेद दे रोबेर्तो'. सैतानाने दोन प्रेमिकांना भेटू द्यायचं नाही म्हणून एका रात्रीत बांधली, अशी गोष्ट. सर म्हणाले, डाइक. भेगेत चढलेला शिलारस घट्ट झाला, भोवतीचा मऊ थर झिजला. मला सैतान जास्त पटला, कारण फटीतून येणारा वारा खरोखर ढकलत होता.

याच कड्यांवर १८५४ मध्ये चार्ल्स लायेल हा ब्रिटिश भूशास्त्रज्ञ गेऑर्ग हार्टुंग या जर्मन भूशास्त्रज्ञाबरोबर फिरला होता. फॉन बुखचे थर रेट्याने उचललेले नाहीत, लाव्हा मुळातच उतारावरून वाहत गेला आणि ही पोकळी मुख्यतः पाण्याने कोरली, हे त्याचं म्हणणं. वरून बघताना ते कुणालाही दिसतं. थर काठापासून बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे तिरपे उतरत जातात. कड्यात शेकडो थर मोजता येतील.

तिथे बसून सरांनी आणखी एक गोष्ट काढली. खऱ्याखुऱ्या, खचलेल्या कॅल्डेऱ्याची खूण बघायला कराडच्या माणसाला इतक्या लांब यावंच लागत नाही. जुन्नरजवळ बोरी गावी कुकडी नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रातल्या टोबाची मानतात. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर वाद आहे. टोबा हा शंभर किलोमीटर लांबीचा कॅल्डेरा, आता तळं झालेला. सर एकदा मुलांची सहल घेऊन बोरीला गेले होते. "मुलांना राख दाखवली, त्यांनी विचारलं, सर, भेळ कधी?"

बुधवार: नवा दगड, जुनं गरम पाणी

१९ सप्टेंबर २०२१ ला कुंब्रे बिएहा या बेटाच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगेच्या उतारावर जमीन फाटली आणि १३ डिसेंबरपर्यंत लाव्हा येत राहिला. बाराशे हेक्टरांहून जास्त जमीन खाली गेली. तोदोके गावाचं चर्च, शाळा, घरं, केळीच्या बागा, सगळं. ज्वालामुखीला आता ताहोगाइते म्हणतात, ते त्या भागाचं जुन्या लोकांच्या भाषेतलं नाव. नवा रस्ता थेट लाव्ह्यावरून काढलाय. दोन्ही बाजूंना काळे, धारदार ढिगारे आणि अचानक एक छप्पर, एक पाण्याची टाकी.

मालकीणबाईंच्या भावाचं घर त्याखाली आहे. कालपर्यंत त्यांनी हा विषय काढला नव्हता. सकाळी आम्ही तिकडे निघालोय म्हटल्यावर म्हणाल्या, फोटो काढा, पण घरांवर चढू नका. मग आत जाऊन फणसाएवढी पपई घेऊन आल्या, वाटेत खा म्हणून. ताहोगाइतेच्या जवळ जायचं तर मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं.

दक्षिण टोकाला फुएनकालिएंते. नावाचा अर्थ गरम झरा, 'कालिएंते' हे परत त्याच 'काल्दुस'चं पोर. इथे समुद्रकाठी खरोखर गरम पाण्याचा झरा होता आणि रोग बरे व्हावेत म्हणून लांबून लोक यायचे. १६७७ च्या उद्रेकाने तो गाडला. गावाने नाव टिकवलं, झरा शोधायचे प्रयत्न होत राहिले आणि २००५ मध्ये लाव्ह्यात बोगदा खणून तो सापडला. जवळच तेनेगिया, १९७१ चा ज्वालामुखी. त्याच्या काळ्या राखेत मालवासिया द्राक्षांचे वेल जमिनीलगत पसरलेले. वारा एवढा, की त्यांना उभं राहायची सोयच नाही. एक ग्लास गोड मालवासिया प्यायलो. सईला गाडी चालवायची होती म्हणून तिने लिंबूपाणी घेतलं आणि आमच्याकडे रागाने बघितलं.

टोकाला दोन दीपस्तंभ आणि मिठागरं. काळ्या दगडाच्या चौकटींत गुलाबी पाणी, पांढरे ढीग. तिथे काम करणाऱ्या माणसाने मिठाची फुलं, म्हणजे वर तरंगणारा पातळ पापुद्रा, बोटाने उचलून हातावर ठेवला. गोव्यातली मिठागरं मी लहानपणी पाहिली आहेत, पण हे असं कुणी चाखायला दिलं नव्हतं. दोन पुड्या घेतल्या.

खरेदीचं एवढंच: धुरावलेलं शेळीचं चीज एल पासो किंवा लोस यानोसच्या बाजारात घ्या, निर्वात पिशवीत बांधून देतात. मीठ आणि गोफियो हातातल्या पिशवीत चालतं. मोहोची बाटली मात्र चेक-इनच्या सामानातच घाला, आणि कपड्यांत नको, बुटात खुपसून ठेवा.